बारका काटा का ठेचकाळतो: आबांच्या घड्याळाच्या नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

आबांचं मनगटी घड्याळ आज आईनं दागिन्यांच्या डब्यातून काढून माझ्या हातात दिलं. आबा गेल्यापासून चार वर्षं ते रुमालाच्या घडीत होतं. स्विस मशीन, हातानं चावी द्यायचं, डायलवर 17 ज्वेल्स, म्हणजे दांडे फिरायला आत 17 खडे, तिन्ही काटे मधोमध. पहिल्या बोनसमधून घेतलं, असं आबा सांगायचे. चावीचे वीसेक वेढे दिले आणि लगेच टिकटिक सुरू झाली. आई कान लावून ऐकत बसली. मग तिनंच बोट दाखवलं, "हा बारका काटा बघ की. ठेचकाळतोय."

सेकंद काटा खरंच ठेचकाळतोय. चार-पाच पावलं नीट जातो, जागीच थांबतो, मग एकदम पुढं उडी घेतो. कधी उडी घेतल्यावर तिथंच थरथरतो. आवाज मात्र एकसारखा, कुठंही खंड नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर आहे. गेली दोन वर्षं रात्री जेवण झाल्यावर जुनी घड्याळं उघडून शिकतो. आतापर्यंत पाच एचएमटी धुऊन, तेल देऊन चालू केलीत. हे सहावं, आणि हे आबांचं. म्हणून या वेळी आधी लिहायचं, मग हात लावायचा.

6 जानेवारी

रात्री 9 वाजता मोबाइलच्या वेळेशी जुळवून ठेवलं. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचं.

7 जानेवारी

24 तासांत 35 सेकंद मागं पडलं. या वयाच्या, बरीच वर्षं न धुतलेल्या मशीनला हे फार वाईट नाही.

पण हा आकडा दिवसभर लेथवर डोक्यात घोळत राहिला. काटा मिनिटातून एकदा जरी अर्धा सेकंद खरोखर थांबत असता, तरी दिवसाच्या 1,440 मिनिटांत 720 सेकंद गेले असते. म्हणजे घड्याळ रोज 12 मिनिटं मागं पडायला हवं. आणि हा काटा मिनिटातून एकदा नाही, चार-पाचदा थांबतो. तरी तूट फक्त 35 सेकंदांची.

म्हणजे घड्याळ थांबत नाही. काटा थांबतो, आणि गेलेली वेळ उडी मारून भरून काढतो. बिघाड असेल तो मशीन आणि काटा यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी असणार.

8 जानेवारी

डोळ्याला लावायची भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून स्लो मोशन काढलं, सेकंदाला 240 चित्रं.

आधी साध्या चालीचं गणित लिहून ठेवतो. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. चावीच्या घड्याळाचा काटा तरंगत जातो असं आपण म्हणतो, पण तो तरंगत नाही. प्रत्येक ठोक्याला 1.2 अंशाचं एक पाऊल टाकतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत उभा राहतो. ठोक्यांच्या मधल्या वेळात लिव्हर नावाच्या बारक्या तुकड्यानं स्केप व्हील, म्हणजे रांगेतलं शेवटचं दातेरी चाक, अडवून धरलेलं असतं, त्यामुळं मागची सगळी चाकं गप्प उभी असतात. 21,600 ठोक्यांच्या मशीनमध्ये सेकंदाला 6 पावलं, 28,800 च्या मशीनमध्ये 8. पावलं जितकी बारीक तितकी चाल गुळगुळीत दिसते, एवढंच. तेव्हा प्रत्येक चावीच्या घड्याळाचा काटा थोडा अडखळतच चालतो. ती तक्रार नव्हे, ती त्याची चाल.

माझ्या चित्रांत एका पावलाला 48 चित्रं यायला हवीत. काही ठिकाणी तशी येतात. पण सगळ्यात लांब थांबा 150 चित्रांचा निघाला. तीन पावलं गाळली आणि एकदम साडेतीन अंशांची उडी. हे साध्या चालीत बसत नाही.

11 जानेवारी, शनिवार

महाद्वार रोडच्या आतल्या बोळातल्या काकांकडे गेलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, मागं भिंतीवर बंद पडलेली लंबकाची घड्याळं. वय सत्तरीच्या पुढं, पण चिमटा धरला की हात दगडासारखा स्थिर. माझ्या पाचही घड्याळांच्या वेळी अडलो की त्यांच्याकडंच गेलोय.

त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मग भिंग लावून काट्याकडं मिनिटभर बघितलं. उघडलंसुद्धा नाही.

"मशीन चोख हाय. काट्यावर वझं न्हाई, म्हणून त्यो भरकटतोय."

मी म्हटलं, "काका, वझं नसलं तर उलट हलका चालायला पाहिजे की."

"बैलाच्या मानंवर जू नसलं तर त्यो सरळ चालतोय व्हय? उभं धरून बघ घरी. बारावर काय करतोय आणि सहावर काय करतोय, लिवून आण."

चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

12 जानेवारी

काकांनी सांगितलेली परीक्षा आज केली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काटा काहीतरी नियमानं वागताना दिसला.

घड्याळ टेबलावर पुस्तकाला टेकून उभं केलं, 12 वरच्या बाजूला. काटा 6 कडून 12 कडे चढताना अगदी शहाण्यासारखा चालतो, पावलाला पाऊल. 12 ओलांडून जरा पुढं गेला की स्वतःच पुढं लवंडतो, जवळजवळ पाऊण सेकंदाएवढा. तिथून खाली उतरताना पुन्हा शहाणा. 6 पाशी आला की थबकतो, तीन-चार ठोके जागीच उभा राहतो, आणि मग चढण चालू. दहा मिनिटं बघितलं, दहाही वेळा हेच.

कारण लेथवर रोज हातात असतं. हत्यार पुढं-मागं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल एका दिशेनं फिरवत असताना उलट फिरवलं, तर सुरुवातीला हँडल फिरतं पण स्लाइड जागची हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्यातली मोकळीक आधी संपावी लागते. आमच्याकडं सगळे त्याला बॅकलॅशच म्हणतात. काट्याचं तसंच. चढताना काट्याचं वजन त्याला मागं ओढतं, म्हणून त्याच्या पिनियनचा, म्हणजे त्याच्या दांडीवरच्या छोट्या दातेरी चाकाचा, दात ढकलणाऱ्या दाताला चिकटून राहतो. 12 ओलांडलं की तेच वजन पुढं ओढतं, काटा मोकळीक संपेपर्यंत पुढं घसरतो आणि पुढच्या दाताच्या पाठीला जाऊन टेकतो. उतरताना तिथंच टेकून खाली येतो. 6 ला वजनाची दिशा पुन्हा बदलते, आणि मागचा दात येऊन गाठेपर्यंत काटा वाट बघत उभा राहतो.

घड्याळ आडवं ठेवलं की वजन ना पुढं ओढतं ना मागं. मग काटा त्या मोकळिकीत कुठंही असू शकतो. ठोक्याच्या धक्क्यानं पुढं उडतो, थांबतो, मागून दात आला की परत उडतो. म्हणून आडव्यात त्याला नियम नाही.

याच वेळी दुसरी शक्यता पण तपासून घेतली. चाकाचा एखादा दात वाकला असता किंवा दातात कचरा असता, तर अडखळ ठरलेल्या अंतरानं आली असती: काट्याच्या पिनियनचा दोष असेल तर दर मिनिटाला त्याच जागी, त्याला ढकलणाऱ्या चाकाचा असेल तर दर साडेसात मिनिटांनी. घड्याळ आडवं ठेवून कागदावर पंधरा मिनिटं खुणा केल्या. एकही खूण दुसरीवर बसली नाही. काटा मिनिटकाट्याला किंवा काचेला घासतोय का तेही भिंगातून बाजूनं बघितलं. घासत नाही.

14 जानेवारी

संक्रांत. आईच्या मैत्रिणी आल्या होत्या, घड्याळ सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. काम नाही.

18 जानेवारी

आज उघडलं. मागचं झाकण काढलं आणि पहिल्याच नजरेत उत्तराचा अर्धा भाग दिसला. तो सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःलाच दोन वर्षं हे नीट कळलं नव्हतं.

चावीच्या घड्याळात ताकद एका रांगेतून जाते. मेन स्प्रिंगचं बॅरल म्हणजे तिची डबी, मग मधलं चाक, तिसरं चाक, चौथं चाक, स्केप व्हील, शेवटी लिव्हर आणि बॅलन्स, म्हणजे इकडून तिकडं झोके घेणारं चाक. मधलं चाक तासाला एक फेरी घेतं, त्यावर मिनिटकाटा. चौथं चाक मिनिटाला एक फेरी घेतं, म्हणून सेकंद काट्याचं खरं घर चौथं चाक. जुन्या घड्याळांत हे चौथं चाक 6 च्या बाजूला असायचं आणि तिथंच छोट्या चकतीत बारका काटा फिरायचा. तो काटा थेट रांगेत बसलेला. मेन स्प्रिंगची ताकद त्या चाकाला सतत एकाच बाजूनं दाबून धरते, दात दाताला चिकटलेले, त्यामुळं मोकळीक असली तरी ती कधी दिसत नाही.

पुढं लोकांना सेकंद काटा मोठा आणि मधोमध हवा झाला. लांब काट्यावर सेकंद वाचायला सोपे, नाडी मोजायलासुद्धा बरे. पण मध्यभागी तर मधलं चाक बसलेलं. एक उपाय म्हणजे रांगच नव्यानं मांडायची आणि चौथं चाक मध्यावर आणायचं. स्विस कंपनी इटीएच्या 2824 सारख्या नंतरच्या मशीनमध्ये तसंच आहे, म्हणून तिथं ही तक्रार येत नाही. दुसरा, स्वस्त उपाय म्हणजे जुनी मांडणी तशीच ठेवून वरून एक फाटा काढायचा. आबांच्या मशीनमध्ये हा दुसरा उपाय आहे. जपानी कंपनी मियोटाच्या 8200 मालिकेतही तो आहे, म्हणजे हे फक्त जुन्या काळाचं प्रकरण नाही.

फाटा असा आहे. तिसऱ्या चाकाचा दांडा ब्रिजच्या, म्हणजे चाकं वरून धरणाऱ्या पट्टीच्या, बाहेर लांबवलाय आणि त्यावर एक जादा चाक दाबून बसवलंय. ते चाक मधल्या एका बारीक पिनियनला फिरवतं. मधल्या चाकाचा दांडा आतून पोकळ आहे, त्यातून या पिनियनची सुईसारखी लांब दांडी डायलपर्यंत जाते आणि तिच्या टोकावर सेकंद काटा.

भिंगाखाली दात मोजले, प्रत्येकी दोनदा. मधल्या चाकाला 64, तिसऱ्याच्या पिनियनला 8, म्हणजे आठपट. तिसऱ्या चाकाला 60, चौथ्याच्या पिनियनला 8, म्हणजे साडेसातपट. आठाचे साठ करायला साडेसात लागतात, ते इथं आले. तासाला 60 फेऱ्या. जादा चाकालाही नेमके 60 दात, आणि मधल्या पिनियनला 8. तिसऱ्या चाकाचीच नक्कल, म्हणून काटा चौथ्या चाकाच्या वेगानंच फिरतो.

पण या पिनियनच्या पुढं कुणी नाही. त्याला काहीच ढकलायचं नाही, फक्त एक हलका काटा वागवायचा. दातांमध्ये मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर चाकं अडकतील. आठ दातांच्या पिनियनला एका दाताचं अंतर 45 अंश. त्याच्या एक दशांश मोकळीक धरली तरी साडेचार अंश. साडेचार अंश म्हणजे पाऊण सेकंद! काटा 13 मिलिमीटर लांब, त्याच्या टोकाला ते एक मिलिमीटर दिसतं. परवा उभ्या घड्याळात दिसलं तेच माप. आज मी वहीत "पाऊण सेकंद" खाली दोन रेघा ओढल्या.

19 जानेवारी

मग बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? होतं. म्हणूनच त्यांनी पिनियनच्या मागच्या टोकावर एक पातळ पट्टीची स्प्रिंग टेकवलेली असते. ती पिनियनला किंचित दाबून धरते. तेवढ्या घर्षणानं पिनियन मागच्या दाताची वाट न सोडता त्याला चिकटून राहतो. काकांच्या भाषेत जू.

आबांच्या घड्याळात ती स्प्रिंग आहे. पण टेकत नाही. टोक पिनियनपासून केसभर वर आहे, मधून हवा दिसते. पट्टीच्या कमरेत एक कोन आहे आणि त्या कोनाच्या दोन्ही बाजूंना चिमट्याचे दोन बारीक दात उमटलेत. कुणीतरी मुद्दाम उचललीये.

काकांना फोनवर सांगितलं. त्यांचं म्हणणं, "मशीन मळलं असणार, झोका कमी पडत असणार. धुवायच्या ऐवजी स्प्रिंग उचलली. घड्याळ पळालं, गिऱ्हाईक गेलं." त्यांचा तर्क मला पटतो. स्प्रिंगचं घर्षण फुकट मिळत नाही, ते मेन स्प्रिंगच्याच ताकदीतून जातं. ते उचललं की बॅलन्सला थोडी ताकद जास्त मिळते. कुणी केलं, केव्हा केलं, शोधत बसायचं नाही. पण आबा ते अडखळणारं घड्याळ किती वर्षं हातात घालत होते, हे मात्र मनातून जात नाही. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

22 जानेवारी

घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर, पूर्ण चावी देऊन, आडवं ठेवून: दिवसाला 35 सेकंद मागं, बॅलन्सचा झोका 208 अंश. चांगल्या घड्याळाला 260 च्या पुढं हवा. काकांचा तर्क बरोबर: मशीन थकलेलं आहे आणि स्प्रिंग उचलूनही थकलेलंच आहे.

25 जानेवारी

सगळं सुटं केलं. आधी मेन स्प्रिंगची ताकद हळूहळू सोडली, मग पट्टी, मग मधला पिनियन चिमट्यानं सरळ वर.

तिसऱ्या चाकावरच्या जादा चाकाला मात्र मी हात लावला नाही. ते दांड्यावर घट्ट दाबून बसवलेलं असतं. एका बाजूनं उचललं की चाक वाकतं, नाहीतर दांड्याचं खालचं केसाएवढं टोक, पिव्हट, मोडतं आणि मग तिसरं चाकच नवं शोधावं लागतं. मशीन डबीत घालून काकांकडं नेलं. त्यांच्याकडं दोन नखांचं एक छोटं हत्यार आहे. नखं चाकाच्या आऱ्यांखाली दोन्ही बाजूंनी सारखी सरकवायची, मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवून अगदी सावकाश फिरवायचा. त्यांनी श्वास रोखून पाव वेढा, अर्धा वेढा दिला. टक्. चाक सरळ वर आलं, जराही तिरकं न होता. शेजारच्या दुकानातला मुलगा चहा घेऊन दारात उभा होता, तोही तोपर्यंत हलला नाही.

घरी पेट्रोलमध्ये दोनदा धुतलं. जुनं तेल मधासारखं घट्ट झालेलं, ज्वेलच्या वाटीत तपकिरी कडं. ते काडीनं काढायला तासभर गेला.

26 जानेवारी

जोडलं, तेल दिलं. स्प्रिंग अजून बसवली नाही, मुद्दाम. झोका 274. घड्याळ दिवसाला 6 सेकंद पुढं. काटा पूर्वीसारखाच भरकटतोय, किंबहुना जास्त, कारण आता त्याला मळाचीसुद्धा अडकाठी नाही.

मग स्प्रिंगचा कोन सरळ करायला घेतला. पितळी ठोकळ्यावर ठेवून, दोन चिमटे, अगदी हलक्या हातानं. दुसऱ्या दाबाला ती त्या कोनातच तुटली. एकदा वाकून दमलेली धातूची पट्टी परत सरळ होत नाही, हे मी रोज बघतो. वर्कशॉपमध्ये कुणी पोरानं असं केलं असतं तर मीच थांबवलं असतं. रात्री जेवण गेलं नाही.

27 जानेवारी

तुटलेले तुकडे मायक्रोमीटरवर मोजले. जाडी 0.05 मिलिमीटर, रुंदी 1 मिलिमीटर, टोकापासून स्क्रूपर्यंत लांबी 7.

या मशीनची पट्टी मिळेल का, काकांकडं विचारलं. त्यांच्या डब्यात नाही. मग करायची ठरवली.

28 ते 30 जानेवारी

तीन संध्याकाळी पट्टीवर गेल्या.

पहिली, पितळी शिमची, म्हणजे अगदी पातळ पत्र्याची. 0.05 चं शिम वर्कशॉपमध्येच होतं. कापली, वाकवली, बसवली. दाबली की तशीच राहते, परत येत नाही. मऊ पितळेत स्प्रिंगपणा नाही. फेकली.

दुसरी, फट मोजायच्या फीलर गेजच्या पोलादी पात्याची. पोलाद त्याच जाडीला पितळेच्या जवळजवळ दुप्पट ताठ. शिवाय ते पिनियनच्या टोकाला घासून खाईल अशी भीती वाटली. बसवलीच नाही.

तिसरी, जुन्या रिलेच्या संपर्कपट्टीची. फॉस्फर ब्राँझ, स्प्रिंगसाठीच बनवलेलं. पण जाडी 0.15, मूळ पट्टीच्या तिप्पट. कुणाला वाटेल तिप्पट ताठ असेल. नाही. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो: तिप्पट जाडी म्हणजे 27 पट ताठ. रुंदीचा परिणाम मात्र सरळ, अर्धी रुंदी तर अर्धा ताठपणा. हे एक गणित डोक्यात असलं की काम अर्धं होतं.

तेलाच्या दगडावर बोटानं दाबून पट्टी घासत गेलो. 0.15, 0.12, 0.09. त्यानंतर बोटाचं सालपट निघायला लागलं, म्हणून बुचाच्या तुकड्याला चिकटवून घासली. 0.06 ला थांबलो. त्याच्या खाली ती कडेला फाटायला लागली. 0.06 म्हणजे मूळ पट्टीपेक्षा 1.7 पट ताठ, म्हणून रुंदी 1 ऐवजी 0.6 केली. हिशेबानं आता मूळ पट्टीएवढीच. टोकाखालची बाजू आरशासारखी चमकवली, कारण तिथंच पिनियन घासणार.

31 जानेवारी

अंबाबाईचा किरणोत्सव सुरू झाला. कामावरून येताना महाद्वारातून गर्दी वाहत होती, गाडी ढकलतच आणली. आबा मला लहानपणी खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि मावळतीचं किरण गाभाऱ्यात शिरलं की मनगट वर करून वेळ बघायचे. तेच घड्याळ असणार.

1 फेब्रुवारी

पट्टी बसवली. काटा एकदम सरळ! पण झोका 274 वरून 226 वर. एवढा नको. चावी उतरत आली की मेन स्प्रिंगची ताकद कमी होते, तेव्हा हे घड्याळ रात्री कधीतरी थांबणार.

ठेवून बघितलं. पहाटे 4 च्या सुमारास थांबलं. सोळा तासांत.

2 फेब्रुवारी

दाब जास्त नाही, जागा चुकलीये. भिंगातून अगदी खालून उजेड टाकून बघितल्यावर दिसलं. पट्टीचं टोक पिनियनच्या मध्यबिंदूवर नाही, त्याच्या खांद्यावर टेकतंय. घर्षण अक्षापासून जितकं लांब तितका त्याचा ओढा जास्त. टोकाच्या बिंदूवर टेकलं तर तोच दाब असूनही ओढा नावापुरता. शिवाय पिनियन तिसऱ्या चाकाच्या एका फेरीत साडेसात वेळा फिरतो, म्हणजे इथला थोडासा अडथळाही तिसऱ्या चाकाला साडेसातपट जाणवतो. स्क्रूचं भोक अर्ध्या मिलिमीटरनं लांबट केलं, पट्टी सरकवून टोक बरोबर मध्यावर आणलं. टोकाखाली ग्रीसचा सुईच्या टोकाएवढा ठिपका.

झोका 259. काटा सरळ.

मग डायल आणि काटे बसवले, आणि सेकंद काटा दाबताना पुन्हा चूक झाली. काटा डायलच्या बाजूनं दाबला की तो सगळा दाब पिनियनमधून मागच्या पट्टीवर जातो. मागून आधार न दिल्यामुळं पट्टी किंचित उचलली गेली आणि काटा परत भरकटायला लागला. काटा काढला, पट्टी जागेवर आणली, पिनियनच्या मागच्या टोकाला पितळी खुंटीचा आधार दिला आणि मग दाबला. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निम्म्या घड्याळांची स्प्रिंग अशीच जाती बघ." इथं लिहून ठेवतो: मधल्या सेकंद काट्याला मागून आधार दिल्याशिवाय हात लावायचा नाही.

4 फेब्रुवारी

उभं धरून 12 आणि 6 ची परीक्षा परत. 12 ओलांडताना लवंडत नाही, 6 ला थबकत नाही. स्लो मोशन काढलं: 48 चित्रांना एक पाऊल, मध्ये एखादं 45 चं, एखादं 52 चं. चार मिनिटांच्या चित्रणात एकही गाळलेलं पाऊल नाही.

9 फेब्रुवारी, रविवार

पाच दिवसांचे आकडे. पूर्ण चावीवर झोका 258, चोवीस तासांनी 221, उभ्यात 231. चाल दिवसाला 4 ते 9 सेकंद पुढं. एका चावीत 39 तास चाललं. स्प्रिंगशिवायच्या झोक्यापेक्षा पंधरा-सोळा अंश गेले, तेवढी किंमत मला मान्य आहे. पट्टी आणखी सैल करून तीन-चार अंश मिळतील, पण मग घड्याळ हातावर आपटल्यावर काटा परत उडेल. इथंच ठेवतो.

काकांना दाखवायला नेलं. त्यांनी भिंग लावून काट्याकडं पूर्ण दोन मिनिटं बघितलं, मग घड्याळ उभं करून बघितलं, मग मागचं झाकण उघडून पट्टी बघितली.

"कशाची केलीस?"

"रिलेची पट्टी, काका. फॉस्फर ब्राँझ."

"उरली असली तर मला एक दे."

उरलेली पट्टी पुढच्या शनिवारी त्यांना घासून द्यायची, 0.06, रुंदी न कापता. घड्याळाला सकाळी साडेसातला चावी आता आई देते.